'ट्रॅक्टर जातो का?' विचारत सह्याद्रीत ग्रॅव्हल सायकलिंग कसं सुरू करायचं

रोडबाईकवर सिंहगड, लोणावळा, खंबाटकी करून झालंय आणि आता मागून येणाऱ्या डंपरच्या हॉर्नचा वैताग आलाय, अशांसाठी हे लिहितोय. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे डांबर सोडून कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणं. मी गेली सात-आठ वर्षं पुणे आणि सातारा जिल्ह्यातल्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवतोय. त्यातली पहिली दोन वर्षं सायकल कुठली घ्यायची आणि टायर कुठला लावायचा यातच गेली, आणि नंतर कळलं की खरा प्रश्न वाटेचा आहे. आपल्याकडे सायकलसाठी आखलेले मार्ग नाहीत पण कच्चे रस्ते भरपूर आहेत, आणि त्यातला प्रत्येक रस्ता कुणीतरी कशासाठी तरी काढलाय. तो कुणी काढला आणि कशासाठी काढला हे कळलं की चढ किती असणार, खाली मुरूम असणार की काळी माती, गाड्या भेटणार का, परवानगी लागणार का, हे बऱ्यापैकी घरबसल्या सांगता येतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी वाट ओळखा

सगळ्यात सोपी वाट म्हणजे पाटाचा रस्ता. कालव्याच्या काठानं पाटबंधारे खात्याचा देखभालीचा कच्चा रस्ता असतो, आणि पाणी उतारानं वाहायला हवं म्हणून कालवा एका पातळीला धरून डोंगर-टेकाडांना वळसे घालत जातो, त्यामुळे काठचा रस्ताही जवळजवळ सपाट, किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटीमीटर उतार. ज्याला पहिल्यांदा कच्च्यावर सायकल चालवायचीय त्यानं डोंगरात अजिबात जाऊ नये, नीरा डाव्या कालव्यावर जावं. वीर धरणापासून निघून तो नीरा गाव, सोमेश्वरनगर या बाजूनं बारामतीकडे जातो, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला ऊस, आणि रस्ता चुकायचा प्रश्नच नाही कारण पाणी सोबत असतं. पहिल्या दिवशी बारामती गाठायची घाई नको, वीस किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, तेवढ्यात हातांना, पाठीला आणि टायरला काय होतं ते सगळं कळतं.

पाटावर तीन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. एक, बाभळीचे काटे, कालव्याच्या काठाला बाभूळ असतेच आणि तिचा काटा साध्या टायरमधून सहज ट्यूबपर्यंत जातो. दोन, कारखान्यांचा गळीत हंगाम, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच अरुंद रस्त्यानं येतात, ट्रॉली आली की सायकल घेऊन शेताच्या बाजूला उतरायचं, पाण्याच्या बाजूला कधीच नाही. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आवर्तन सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, कालव्यात पाय धुवायलासुद्धा उतरू नका. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती तिरक्या आणि शेवाळलेल्या असतात, पाण्याला वरून वाटत नाही एवढा जोर असतो, आणि पोहता येणाऱ्या माणसालाही धरायला काही सापडत नाही.

दुसरी वाट धरणाच्या कडेची. धरण झालं की खोऱ्यातली गावं वर सरकतात आणि त्यांच्यासाठी पाण्याच्या कडेनं नवा रस्ता निघतो, तो पाण्याच्या पातळीला धरून जातो खरा पण प्रत्येक ओढ्यापाशी आत वळून खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. नकाशावर सपाट दिसणारा पानशेत-वरसगावच्या मागचा किंवा भाटघरच्या काठचा रस्ता पाय मोडतो तो यामुळेच, एकही मोठा घाट नाही पण तीस-चाळीस मीटरचे चढ पुन्हा पुन्हा. यातले बरेच रस्ते आता डांबरी झालेत, तरी वरच्या टोकाला, जिथे खोरं संपून डोंगराची भिंत सुरू होते, तिथे कच्चं अजून शिल्लक आहे आणि तिथली शांतता मला सगळ्यात आवडते. पवनेच्या काठाला, तुंग आणि तिकोन्याच्या मधल्या पट्ट्यात, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवारी तिथे कॅम्पिंगच्या गाड्यांची रांग असते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ बाहेर येतं, बघायला जरूर जा, पण उघड्या पडलेल्या तळातून सायकल नेऊ नका, वरून भेगाळलेला गाळ खालून ओला असतो आणि चाक रिमपर्यंत रुततं.

तिसरी पवनचक्क्यांची वाट, ही साताऱ्याची खासियत. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जा किंवा पाटणजवळ वनकुसवड्याला. पवनचक्कीची लांबलचक पाती वर न्यायची म्हणून हे रस्ते रुंद आणि मोठ्या वळणांचे केलेत, आणि प्रत्येक खांबापर्यंत मुरमाचा फाटा जातो, त्यामुळे पठारावर एकदा पोचलात की दिवसभर फिरा, गाडी क्वचितच भेटते. वारा मात्र जबरदस्त, चक्क्या तिथे उभारल्यात त्या उगाच नाही. आणि एक कळकळीची विनंती, मुरमाचा रस्ता सोडून कातळसड्यावर सायकल घालू नका. दिसायला तो उघडा दगड असतो पण त्याच्या खळग्यांतल्या दोन-चार बोटं मातीत पावसाळ्यातली छोटी फुलं जगतात, त्यातली काही या पठारांपलीकडे कुठे सापडत नाहीत, आणि टायरनं ती माती एकदा खरवडली की ती परत तयार व्हायला किती काळ लागतो ते कुणी बसून बघत नाही.

चौथी वनखात्याची वाट. गस्तीचे रस्ते आणि जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा. जाळरेषा उपग्रहाच्या फोटोत मस्त सरळ रस्त्यासारखी दिसते आणि नवा माणूस फसतो, ती उताराची पर्वा न करता सरळ वर जाते आणि सायकल ढकलावी लागते. ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत आणि कोयना-चांदोली तर २०१० पासून व्याघ्रप्रकल्पात आहे, तिथे आतल्या वाटांवर परवानगीशिवाय जायचं नाही, आधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र ऑफिसला जाऊन विचारा. नाही म्हणाले तर नाही, बाहेर पुरेसं जंगल आहे. मुळशी-वेल्ह्याकडे देवरायाही लागतात, तिथे सायकल बाहेर उभी करायची, गावाची रीत असेल तर चपला-बूटही बाहेर.

आणि घाटवाटा. मढे, उपांड्या, गोप्या असल्या कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या आणि लमाणांच्या बैलांच्या आहेत, चाकाच्या नाहीत. केळदपर्यंत सायकलनं जा, मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली कोकण बघा आणि परत फिरा. सायकल खांद्यावर घेऊन ओल्या दगडांवरून उतरणारे मी पाहिलेत आणि त्यातल्या एकाला मनगट मोडून परत येतानाही पाहिलंय.

घरी बसून नकाशाचं काम

एका राईडसाठी मी निदान दोन तास नकाशावर घालवतो. आधी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनीच भरलेला इंटरनेटवरचा नकाशा, त्यात कच्चे रस्ते तुटक रेषेनं दिसतात, मग तीच जागा उपग्रहाच्या फोटोत. दोन समांतर पांढऱ्या रेघा आणि मधे गवताचा पट्टा दिसला की समजा तिथे ट्रॅक्टर किंवा जीप जाते, म्हणजे सायकल नक्की जाते. एकच बारीक रेघ असेल तर ती पायवाट किंवा गुरांची वाट. सगळा रस्ता रुंद आणि एकसारखा पांढराफटक असेल तर नवीन मुरूम टाकलाय, म्हणजे पुढच्या वर्षी डांबर पडायची शक्यता. ओढा ओलांडताना रेघ कुठे तुटते ते बघा, पूल किंवा मोरी नसेल तर ऑक्टोबरपर्यंत ती जागा अडकवू शकते.

चढाचा हिशोब अगदी सोपा, किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढ म्हणजे दहा टक्के. डांबरावर दहा टक्के दमवतात पण जमतात, सुट्या खडीवर दहाच्या पुढे मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं, कारण जोर लावायला उठून उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सलग आठ टक्क्यांच्या वरचा कच्चा चढ असलेली वाट मी नव्या माणसाला निवडूच देत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस मीटर उंचीचा फरक असतो, त्या रेषा दाटीवाटीनं आल्या की तिथे ढकलायची तयारी ठेवायची.

वेळेचा अंदाज रोडबाईकवरून काढू नका. डांबरावर तासाला वीस जाणारा माणूस कच्च्यावर बारा-तेरा जातो, वर दर शंभर मीटर चढाला मी दहा मिनिटं जास्त धरतो, आणि थांबे वेगळे. डिसेंबरात पुण्याच्या भागात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि खोऱ्यात डोंगराची सावली त्याच्या तासभर आधीच पडते, त्यामुळे दुपारी तीनला सायकलचं तोंड घराकडे हवं. आखलेल्या वाटेची जीपीएक्स फाईल फोनमध्ये आणि नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, पानशेतच्या किंवा वेल्ह्याच्या मागे रेंज जाते ती जातेच.

एवढं करूनही नकाशा चुकतो, मग गावात विचारायचं. आणि विचारताना "रस्ता चांगला आहे का" असं नाही विचारायचं, त्याचं उत्तर नेहमी "हाय की" असंच येतं आणि सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला चालायला तो चांगलाच असतो. विचारायचं, "मामा, इथनं ट्रॅक्टर जातो का पलीकडं?" जातो म्हणाले तर बिनधास्त जा. "बैलगाडी जायची पूर्वी" म्हणाले तर चढ बेताचा असणार पण दगड उघडे पडले असणार. "पायवाट हाय" म्हणाले की गुमान दुसरी वाट धरा. अंतर मात्र कधी विचारू नका, "हे काय पलीकडंच" यात दोन किलोमीटरही बसतात आणि नऊही.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर मी डोंगरात कच्च्यावर जात नाही. भात लावणीत रस्त्यावरच चिखल येतो, कड्यावरून दगड सुटतात, आणि ओल्या मऊ रस्त्यावर चाकानं पडलेली चाकोरी मग गावकऱ्यांना वर्षभर त्रास देते. मुरूम पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत वाळतो, काळी माती आठवडा घेते. काळ्या मातीबद्दल जरा जास्त सांगतो कारण मला ती महागात पडलीय. एका ऑक्टोबरात बारामतीकडून येताना पाटाचा रस्ता सोडून शेतातल्या शॉर्टकटला लागलो, आदल्या रात्री पाऊस झालेला, शंभर मीटरमध्ये टायर आणि फ्रेमच्या मधे माती ठासून भरली, चाक फिरेना, मी जोर लावला आणि मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये जाऊन हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, तुटला. नऊ किलोमीटर सायकल ढकलली. तेव्हापासून नियम ठरवलाय, माती टायरला चिकटून वर यायला लागली की त्याच क्षणी उतरायचं, सायकल उचलायची आणि मागे फिरायचं.

सगळ्यात उत्तम काळ नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. ओढ्यांना थोडं पाणी असतं, गवत सोनेरी होतं, थंडीही बेताची. मार्चपासून ऊन, धूळ आणि वणवे. डोंगरावर धूर दिसला तर त्या बाजूला जायचंच नाही, वाळलेल्या गवतात वणवा वाऱ्याबरोबर माणसापेक्षा जोरात पळतो.

सायकल

इथे थोडक्यात सांगतो कारण यावर लोक वाजवीपेक्षा जास्त बोलतात. महागडी ग्रॅव्हल बाईक लागत नाही, ३८ किंवा ४० मिलिमीटरचा टायर बसणारी हायब्रीड आणि डिस्क ब्रेक एवढ्यावर सुरुवात होते, जुनी एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर आणखी बरं. गिअरचा एकच निकष, सगळ्यात हलक्या गिअरला पुढच्या चक्राचे दात मागच्याइतके किंवा त्याहून कमी हवेत, म्हणजे पुढे ४० आणि मागे ४२, किंवा पुढे ३० मागे ३४. रोडबाईकचं ३४-२८ वेल्ह्याच्या चढावर गुडघे खातं.

हवा मात्र नीट समजून घ्या, फरक सगळ्यात जास्त तिथेच पडतो. सत्तर किलोचा माणूस, ४० मिलिमीटरचा टायर, ट्यूबलेस असेल तर साधारण ३० ते ३५ पीएसआय, ट्यूब असेल तर ४० ते ४५, आणि पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. रोडबाईकवाला माणूस सवयीनं साठ-सत्तर भरतो, मग प्रत्येक दगडावर सायकल उडते आणि तो म्हणतो की ग्रॅव्हल आपलं काम नाही. हवा कमी केली की टायर दगडाला मिठी मारून जातो. उलट फार कमी केली तर रिम दगडावर आपटते, तसा खट्ट आवाज आला की पंपाचे दहा-पंधरा स्ट्रोक मारा. बाभळीच्या मुलखात ट्यूबलेसला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे, पण आपल्या उन्हात सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघून भर घालायला हवी.

बॅगेत काय हवं? सीलंट असलं तरी एक ट्यूब, पंप, पंक्चरचे प्लग, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, जुन्या टायरचा बोटभर तुकडा फाटलेल्या टायरला आतून लावायला, आणि आपल्याच सायकलच्या मापाचा हँगर, तो गावात काय तालुक्यालाही मिळत नाही. अजून एक छोटीशी वस्तू लोक हमखास विसरतात, प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा असते पण त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची, तुमच्या बारीक व्हॉल्व्हला ती बसत नाही.

पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण. मी दोन बाटल्या आणि पाठीवर दीड लिटर नेतो, घोटभर उरलं की पहिल्या घरी मागतो, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एका बाटलीत ओआरएस, पण पुडीवर लिटर लिहिलं असेल तर ती लिटरभर पाण्यातच, घट्ट केली तर पोट बिघडतं. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. बऱ्याच गावांत एखाद्या घरी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, जाताना सांगा आणि येताना जेवा, आणि पैसे नको म्हणाले तरी द्या.

चालवताना

उतारावर नजर पुढच्या चाकासमोर नको, आठ-दहा मीटर पुढे. जिथे बघाल तिथे सायकल जाते, दगडाकडे बघत राहिलात तर दगडावरच जाणार. पेडल समपातळीत, बूड सीटवरून किंचित उचललेलं, कोपर सैल, रोडबाईकसारखं हँडल असेल तर हात ड्रॉपवर, म्हणजे खाली वळलेल्या भागावर. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ चालताना, वळणात शिरलं की बोटं सैल, सुट्या मुरमावर वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक घसरतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. चढावर बसूनच मारा, अंग पुढे झुकवून नाक हँडलच्या जवळ आणायचं. ओढ्यात तळ दिसत असेल आणि पाणी पोटरीच्या खाली असेल तरच जा, नाहीतर उतरून चालत, खालचे गोटे शेवाळलेले असतात. मधे गवत उगवलेल्या रस्त्यावर नेहमी चाकोरीतून चालवा, गवतात दगड लपतो, आणि फुरसंही.

सापाचा विषय निघालाच आहे तर, हात न दिसणाऱ्या जागी घालू नका आणि चावलाच तर चिरणं-बांधणं काही नाही, अंग स्थिर ठेवून १०८ ला फोन. रेंज नसेल तर गावातली मिळेल ती गाडी करून दवाखाना. म्हणूनच एकट्यानं जायचं असेल तर घरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा.

धनगरवाड्याजवळ किंवा मेंढ्यांच्या कळपापाशी कुत्री अंगावर येतात, ते त्यांचं कामच आहे. पळायचं नाही. थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा, मेंढपाळाला हाक मारा, तो एका आवाजात बोलावून घेतो. गुरं समोरून आली की पूर्ण थांबा, बिथरलेली म्हैस बांधावरून उडी मारते आणि पाय मोडला तर नुकसान त्या घराचं होतं. आडवं लाकूड किंवा काटेरी फांदी लावून वाट बंद केलेली असेल तर ती ओलांडून गेल्यावर होती तशी परत लावा, पीक वाचवायला लावलेली असते ती.

घरी आल्यावर

प्रेशर पाईपनं सायकल धुवू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. धूळ कोरड्या ब्रशनं झाडा, चेन फडक्यानं पुसा, तेलाचा एकेक थेंब कडीवर आणि पंधरा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका, ओली चेन पुढच्या वेळी धुळीची पेस्ट करते. मग दोन्ही चाकं सावकाश फिरवत टायर बोटांनी चाचपा, रुतलेले काटे सापडतीलच. ट्यूबलेसमध्ये काटा उपटला की भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून मिनिटभर धरा, सीलंट तिथे जमतं आणि भोक बुजतं. ट्यूब असेल तर काटा काढायच्या आधी पंक्चर किट जवळ घेऊन बसा.

आणि त्याच संध्याकाळी, लक्षात आहे तोवर, ओपनस्ट्रीटमॅपवर जाऊन दुरुस्ती करा, कुठे डांबर पडलं, कुठली मोरी वाहून गेली, कुठे कुंपण आलं. वेल्ह्याच्या बाजूला मी ज्या फाट्यांवर शिकलो त्यातले दोन आता काँक्रीटचे झालेत, गावात रुग्णवाहिका पोचते याचा आनंदच आहे, फक्त पुढचा माणूस चाळीस किलोमीटर मारून तिथे कच्च्याच्या आशेनं जायला नको.